तीस फुटांची केबल

लॉर्ना ट्वेटला कॅम्पग्राउंडची पारख कुणी शिकवली नव्हती. मिनेसोटातल्या एका काउंटीत बावीस वर्षं हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासायची नोकरी केली, तेवढी शिकवणी तिला पुरली. फ्रिजच्या दाराच्या रबरात बोट फिरवून मालकाचं चारित्र्य सांगणारी बाई ती. निवृत्त झाल्यावर नवरा-बायकोनं घर विकलं, पिकअपच्या मागे जोडायचा बत्तीस फुटी ट्रेलर घेतला, आणि तेव्हापासून अकरा वर्षं ती देशभरातली कॅम्पग्राउंडं नापास करत हिंडत होती.

नावात ‘रिसॉर्ट’ असलं की तिथे एक डबकं असतं आणि डबक्यात प्लास्टिकची बदकं, हे तिनं दुसऱ्याच वर्षी ठरवून टाकलं. ‘खास कुटुंबांसाठी’ म्हणजे सायकलींचा उच्छाद. ‘निसर्गाच्या कुशीत’ म्हणजे न्हाणीघरात गोम. आणि तिथे उतरणाऱ्या माणसांबद्दल तर तिला विचारूच नये. निसर्ग बघायला म्हणून निघायचं, दोन टीव्ही बरोबर घ्यायचे, छपराला रंगीत दिव्यांच्या माळा सोडायच्या आणि दारात कोरीव लाकडी पाटी टांगायची, ‘हार्वी आणि जून, टल्सा’. जसं काही वाटेवरचा प्रत्येक माणूस हार्वीचा पत्ता शोधत होता.

पण तिच्या लेखी सगळ्यांत हलकी जमात एकच, ट्रेलरची केबल कॅम्पग्राउंडच्या विजेच्या पेटीत तशीच खोचून ठेवून गाडी हाकणाऱ्यांची. असे दर मोसमात दोन-तीन तरी भेटत. पेटी मुळासकट उपटून मागे फरफटत येतेय, अख्खं कॅम्पग्राउंड हात हलवून ओरडतंय, आणि पुढे बसलेल्या महाशयांना वाटतंय, लोक किती प्रेमानं निरोप देताहेत.

असलं काही आपल्या हातून होऊ नये म्हणून ट्वेटांकडे कामाची वाटणी होती. आतलं लॉर्नानं बघायचं: कपाटांच्या कड्या, ताटल्या, खिडक्या. बाहेरचं तिच्या नवऱ्यानं, व्हर्लिननं: केबल, पाण्याचा पाइप, सांडपाण्याची नळी, चाकांना लावलेले ठोकळे. मग त्यानं ट्रेलरभोवती एक पूर्ण फेरी मारायची. तिनं विचारायचं, “झालं?” त्यानं म्हणायचं, “झालं.” मगच किल्ली फिरायची.

गेली तीन वर्षं मात्र ही पारख हौसेची राहिली नव्हती. व्हर्लिन तीस वर्षं विजेच्या खांबांवर चढून तारा ओढायचा आणि प्रत्येक खांबाखाली उतरला की सिगरेट पेटवायचा. फुप्फुसांनी आता हिशेब चुकता करायला घेतला होता. ट्रेलरमध्ये त्याच्या उशाशी ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र चालायचं. फुस्स, टक. फुस्स, टक. ते विजेवर चालणारं. गाडीत छोटे सिलिंडर, एक चार तास पुरायचा. म्हणून नियम साधा होता: पुढचं वीज असलेलं कॅम्पग्राउंड चार तासांच्या आत हवं. जनरेटर होता एक. तो जावयानं ‘आठवडाभरासाठी’ नेला होता, त्याला चार वर्षं झाली. जावयाबद्दल लॉर्नाचं मत इथे न लिहिलेलंच बरं.

त्या जुलैत ते नेब्रास्कातल्या दोन नंबरच्या हायवेनं पश्चिमेकडे निघाले होते. व्हर्लिनची इच्छा. तरुणपणी एका हिमवादळानंतर इथले खांब उभे करायला तो आला होता, ते त्याला पुन्हा बघायचे होते. लोक डोंगर बघतात, समुद्र बघतात. हा माणूस खांब बघतो, असं लॉर्ना प्रत्येक पेट्रोलपंपावर कुणाला ना कुणाला सांगायचीच. पण वाट खरंच सुंदर होती. वाळूच्या टेकड्या, त्यांवर गवत, गवतावर वारा, आणि रस्त्याला समांतर मैल मैल लांबीच्या कोळशाच्या मालगाड्या.

तिनं पक्क्या केलेल्या कॅम्पग्राउंडवर पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. आदल्या दिवशीच्या वादळानं तिथली वीज गेली होती. “दोन दिवस तरी लागतील,” तिथला माणूस दात कोरत म्हणाला. गाडीतला शेवटचा सिलिंडर नुकताच जोडला होता.

चाळीस मैलांत वीज असलेली एकच जागा उरली होती, प्रेअरी रेस्ट. लॉर्नानं ती आधीच यादीतून खोडली होती. इंटरनेटवर एकेचाळीस अभिप्राय, एकेचाळीसही पाच ताऱ्यांचे, आणि शब्दसुद्धा तेच: ‘छान विश्रांती मिळाली.’

“एका सुपाबद्दल चाळीस जणांना विचार, चाळीस तक्रारी येतात,” ती स्टिअरिंग वळवत म्हणाली. “हे मालकानं एकट्यानं बसून लिहिलंय.”

“असेना,” व्हर्लिन म्हणाला. बोलताना त्याला मध्येच थांबावं लागत होतं. “प्लग आहे ना.”

हायवे सोडून सात मैल खडीचा रस्ता. व्हर्लिन खिडकीला नाक लावून बसला होता.

“लॉर्ना, खांब नाहीत.”

“तुझे खांब तिकडे राहिले हायवेला. परत जाताना दाखव हवं तर.”

“तसं नाही. इकडे लाइनच आलेली नाही. एकही खांब नाही.”

“जमिनीखालून असेल.”

“या वाळूत? सात मैल?” तो हसायला गेला आणि खोकला.

नदीच्या वळणावर, कॉटनवुडच्या झाडांखाली वीस-बावीस ट्रेलर उभे होते. सगळे जुने, सगळे नीट पुसलेले. टायरांभोवती गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं. म्हणजे कायमचे बसलेले. चाकांवरचं घर घ्यायचं आणि चाक हलवायचं नाही, यांना साधं भाड्याचं घर घ्यायला काय झालं होतं, असं लॉर्नाच्या मनात आलं. दारोदारी पाट्या होत्याच. शेजारच्या पाटीवर ‘गेलन आणि बर्नाडीन, सलायना’ असं होतं आणि खाली दोन चिमण्या कोरल्या होत्या.

कॅम्प सांभाळणारी आर्डिस सत्तरीची, ताठ, फुलाफुलांच्या झग्यातली बाई. तिनं नाव विचारलं नाही, किती दिवस ते विचारलं नाही.

“सात नंबर घे, बयो. ह्यांना आधी जोड.”

“मी बयो नाही,” लॉर्ना म्हणाली. “आणि ह्यांना नाही, ट्रेलरला जोडायचंय.”

“तेच ते,” आर्डिस म्हणाली.

व्हर्लिननं धापा टाकतच स्वतः केबल ओढली. ते काम त्यानं कुणाला करू दिलं नसतं. पेटीत व्होल्टमीटर खोचून तो तिथेच घडीच्या खुर्चीवर बसून राहिला.

“एकशेवीस,” तो दहा मिनिटांनी म्हणाला. “हललं नाही.”

“चांगलंय की.”

“चांगलं कसलं. शेजारी एसी लागला, पाण्याचा पंप लागला, की आकडा हलतो. हलायलाच हवा. तीस वर्षांत न हलणारी लाइन मी बघितलेली नाही.”

“मग तक्रार कर, वीज फार चांगली येते म्हणून,” लॉर्ना म्हणाली आणि आत जाऊन तिनं मशीन चालू केलं.

संध्याकाळी तिनं बटाटे आणि खिम्याचा हॉटडिश ओव्हनमध्ये सरकवला आणि सवयीनं व्हर्लिनच्या बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा लावला. गाडीत आकडा शहाऐंशी होता. आता अठ्ठ्याण्णव. तिनं चिमटा काढून झटकला, पुन्हा लावला. अठ्ठ्याण्णव. तीन वर्षांत तो आकडा ब्याण्णवच्या वर गेला नव्हता. व्हर्लिननं दोनदा वाढून घेतलं आणि ओठ निळे नसलेला तिचा नवरा तिच्याकडे बघून हसला. लॉर्ना भांडी घासायला वळली, कारण तिचे डोळे भरून आले होते आणि असल्या गोष्टी तिला स्वतःतही खपत नसत.

सकाळी ती कॉफी घेऊन बाहेर बसली. सगळं कॅम्पग्राउंड आपापल्या दारात खुर्च्या टाकून बसलं होतं. कुणी वाचत नव्हतं, कुणाच्या मांडीवर कुत्रं नव्हतं. शेजारचा गेलन ओटमीलची वाटी घेऊन बसला होता. रेल्वेतून निवृत्त झालेला, पोट सुटलेला, टोपीवर मासळीचं चित्र.

“झोप लागली?” त्यानं विचारलं.

“ठीक.”

“ह्यांना?”

“फार छान,” व्हर्लिन आतून म्हणाला.

“लागणारच,” गेलन म्हणाला.

“आणि बर्नाडीन? दिसल्या नाहीत.”

“आहे आत. तिला उठवत नाही मी. मजेत आहे.”

लॉर्नानं मान हलवली आणि कॉफीचा घोट घेतला. मागे खिडकीतून मशीनचा आवाज येत होता. फुस्स, टक. तीन वर्षांत तो आवाज तिला ऐकूच येईनासा झाला होता, भिंतीवरच्या घड्याळासारखा. आज आला. का आला, ते कळायला तिला थोडा वेळ लागला. मशीननं फुस्स केलं की गेलनची टोपी किंचित वर जात होती. टक झालं की खाली.

तिनं त्याच्या पलीकडच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे पाहिलं. दोघांच्या छात्या वर आल्या. खाली गेल्या. त्यांच्यापलीकडे हिरव्या ट्रेलरपाशी एक बाई होती. तिची शाल वर आली. खाली गेली. नदीकाठच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत.

मन लावून बघत बसलं की असं वाटतं, असं लॉर्नानं स्वतःला सांगितलं. गाडीचे वायपर आणि रेडिओवरचं गाणं जुळल्यासारखं वाटतं, तसंच. तिनं दुसरीकडे बघितलं, वीसपर्यंत आकडे मोजले, पुन्हा बघितलं. वर. खाली. इतक्या लांबून इतक्या माणसांना मशीनचा आवाज ऐकू जाणं शक्य नव्हतं.

दर मंगळवारी ती मशीनची जाळी धुवायची. त्यासाठी ते दहा मिनिटं बंद करावं लागे. व्हर्लिन तेवढा वेळ काढायचा. तो मंगळवार होता. दुपारी बारा वाजता, चांगल्या लख्ख उन्हात, तिनं मशीन बंद केलं आणि जाळी घेऊन बाहेरच्या नळाशी आली.

जाळीवर पाणी सोडलं तेव्हा नळाचा आवाज फार मोठा वाटला. तिनं वर पाहिलं.

गेलनचा चमचा वाटी आणि तोंडाच्या मध्ये थांबला होता. चमच्यातून दुपारचं सूप ठिबकत होतं, त्याच्या सदऱ्यावर, त्याच जागी. तो तिच्याकडे बघत होता. डोळे नीट जागे होते. छाती हलत नव्हती.

कुणाचीच हलत नव्हती.

लॉर्ना ओली जाळी तशीच घेऊन आत धावली. व्हर्लिन पलंगावर ताठ बसला होता, ओठ मिटलेले, चेहरा शांत. तिनं जाळी खोचली, बटण दाबलं. फुस्स. व्हर्लिननं श्वास घेतला. खिडकीबाहेर, सगळीकडून एकाच वेळी, गवतावरून वारा जावा तसा आवाज झाला.

टक.

“आज बराच वेळ लावलास,” व्हर्लिन म्हणाला.

तिनं घड्याळ पाहिलं. चारच मिनिटं झाली होती, एरवीच्या दहापेक्षा कमी.

दारावर कुणीतरी बोटानं टकटक केली. आर्डिस होती. रागावलेली नव्हती.

“पुढच्या वेळी बंद करायच्या आधी सांगत जा, बयो,” ती म्हणाली. “बर्नाडीनला आता तेवढं झेपत नाही.”

“पुढची वेळ नाही,” लॉर्ना म्हणाली. “आम्ही निघतोय.”

आर्डिसनं व्हर्लिनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “बरं,” एवढंच म्हणाली.

भांडण झालंच. व्हर्लिनला निघायचं नव्हतं. नाकात नळी न घालता तो सकाळी नदीपर्यंत जाऊन आला होता. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यानं आपली चप्पल आपण वाकून उचलली होती.

“तुला नेमकं काय खुपतंय?” त्यानं विचारलं. “लोक गुण्यागोविंदानं बसलेत, हेच ना?”

“ही माणसं नाहीत व्हर्लिन, हे लोणचं आहे. बरणीत घालून ठेवलेलं.”

“तुला कुठलीच माणसं माणसं वाटत नाहीत. अकरा वर्षांत एका तरी कॅम्पवर कुणाला कॉफीला बोलावलंस?”

“बोलावण्यासारखं कुणी भेटू दे.”

तिनं अलायन्स गावाच्या कॅम्पग्राउंडला फोन केला. जागा होती. दोन-अडीच तासांची वाट, सिलिंडरमध्ये तेवढं होतं, जेमतेम. तिनं कपाटांच्या कड्या लावल्या, ताटल्या बांधल्या. मशीन तसंच चालू ठेवलं, केबल निघाली की ते आपोआप थांबणार होतं. या खेपेला तिनं खिडकीबाहेर पाहिलं नाही. ती पिकअपमध्ये चढून बसली, आणि व्हर्लिनची फेरी संपेपर्यंत समोरच्या काचेवरचा मेलेला चतुर बघत राहिली.

दार उघडून तो आत बसला.

“झालं?”

“झालं.”

तिनं किल्ली फिरवली. कुणी हात हलवले नाहीत. कुणी ओरडलं नाही.

हायवेला लागल्यावर तिनं सिलिंडरची नळी त्याच्या हातात दिली. त्यानं ती मांडीवर ठेवली. “नको वाटतंय,” म्हणाला आणि खिडकीबाहेर बोट केलं. “तो बघ. तो माझा. तोही. तो वाकडा कुणा दुसऱ्याचा.” तो शिटी वाजवत होता. शिटी वाजवायला लागतो तेवढा वारा त्याच्या छातीत कुठून आला, हे लॉर्नानं विचारलं नाही. हायॅनिस गावच्या पेट्रोलपंपावर तिनं गाडी थांबवली, त्याच्या बोटाला चिमटा लावला. अठ्ठ्याण्णव.

“बघ,” तो म्हणाला.

ती डिझेल भरायला उतरली आणि मग सवयीनं ट्रेलरभोवती फिरली.

केबल ट्रेलरच्या बगलेत जोडलेली होती. जोडावरचं कडं घट्ट पिळलेलं.

आधी तिला रागच आला. आपणही त्या जमातीत गेलो. केबल फाटली असणार, पेटी उपटली असणार, त्या बयोवालीला भरपाई द्यावी लागणार. तुटलेलं टोक बघायला ती वाकली.

टोक नव्हतं.

केबल ट्रेलरपासून निघून पंपाच्या सिमेंटवरून गेली होती. डिझेलच्या नळापाशी थोडी वळली होती. पुढे रस्त्याच्या कडेच्या गवतात शिरली होती आणि गवतातून, काळी, सरळ, पूर्वेकडे. लॉर्ना रस्त्यापर्यंत चालत गेली. तिनं उन्हात डोळ्यांवर हात धरला. शेवटच्या टेकडीच्या माथ्यापर्यंत केबल दिसत होती. माथ्यावरून ती पलीकडे उतरली होती.

तीस फुटांची केबल होती ती. तिनं स्वतः विकत घेतली होती.

गुरांचा एक ट्रक पंपात वळला. त्याची चाकं केबलवरून गेली. टप, टप, टप. ड्रायव्हर खाली उतरला, केबल ओलांडून दुकानात गेला. खाली न बघता, घरचा उंबरठा ओलांडावा तसा.

लॉर्ना परत आली. तिनं कड्यावर हात ठेवला. ते कोमट होतं.

तिनं पाव फेरा फिरवलं.

पिकअपच्या बाजूच्या आरशात व्हर्लिनची मान दिसत होती. ती पुढे गेली. हनुवटी छातीवर टेकली. एक हात सीटवरून घसरला आणि तसाच लोंबत राहिला.

तिनं कडं परत पिळलं. घट्ट. दोन्ही हातांनी.

मान वर आली.

ती दारापाशी गेली तेव्हा तो डोळे चोळत होता.

“झालं म्हणालास,” ती म्हणाली.

“हो.”

“तीस वर्षं तारा जोडणारा माणूस तू. विसरलास म्हणू नकोस.”

“विसरलो नाही.” तो आपल्या पंजांकडे बघत होता. “मला काढवेना, लॉर्ना. तीनदा हात घातला.”

तिनं त्याचा पट्टा नीट केला, दार लावलं आणि फिरून आपल्या जागी येऊन बसली. मग ती इतक्या हळू निघाली, की मागच्या ट्रकनं हॉर्न दिला.

अलायन्सच्या कॅम्पग्राउंडवरचा माणूस तरुण होता, कानामागे पेन्सिल.

“फुल हुकअप ना? वीज, पाणी, सांडपाणी, तिन्ही? तुमचं नशीब, एकच उरलीय.”

“वीज नको,” लॉर्ना म्हणाली. “पाणी असलं की पुरे. आणि पूर्वेकडच्या कुंपणाशी द्या. मधली नको.”

“तिथं सावली नाही बाई. रेल्वेचा आवाज येतो. आजवर कुणी मागून घेतली नाही ती.”

“द्या.”

“एसीसुद्धा चालणार नाही.”

“कळतं मला,” ती म्हणाली. तिच्या आवाजातला जुना तुच्छतेचा सूर ऐकून तिला जरा बरं वाटलं.

तिनं ट्रेलर कुंपणाला पाठ करून लावला. बाहेरची कामंही तिनंच केली: पाण्याचा पाइप, सांडपाण्याची नळी, चाकांना ठोकळे. केबल कुंपणाच्या तारेखालून आत आली होती. त्या बाजूला कुणी फिरकू नये म्हणून तिनं तिथे घडीच्या दोन खुर्च्या मांडल्या. मशीनला तिनं हात लावला नाही, ते चालूच होतं. व्हर्लिनचा आकडा अठ्ठ्याण्णव होता आणि रात्रभर त्याचा श्वास तिला ऐकू येत होता, संथ, एकसारखा. बऱ्याच वर्षांनी तिला गाढ झोप लागली.

सकाळी व्हर्लिननं अंडी मागितली. ती बाहेर आली. ऊन स्वच्छ पडलं होतं, मालगाडी जात होती. काल कुंपणापाशी केबलचं एक ढिलं वेटोळं गवतात पडलं होतं. आज ते नव्हतं. केबल जमिनीपासून वीतभर वर, ताठ ताणलेली होती. मालगाडी गेल्यावर ती किंचित थरथरत राहिली.

लॉर्ना चाकांपाशी बसली. ठोकळे कालच्या जागी नव्हते. खडीत त्यांच्या सरकल्याच्या चार खुणा होत्या, चारही सारख्या, चार-चार बोटं लांब. पूर्वेकडे.

“लॉर्ना,” व्हर्लिननं आतून हाक मारली. “दोन घाल माझ्यासाठी. भूक लागलीय.”

“आले,” ती म्हणाली.

तिनं अवजारांच्या पेटीतून ठोकळ्यांची दुसरी जोडी काढली, ती मागच्या चाकांना लावली आणि टाचेनं ठोकून घट्ट केली.